अकरा वर्षांचं चर्च

"मावशी, माझ्या चहात साखर कमी हं," असं म्हणत नेत्रा फादर इनास यांच्या खुर्चीत बसली.

आवडाबाई दारातच थांबल्या. त्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बिशप आले तरी त्यांच्यासाठी बाहेरून वेगळी खुर्ची आणली जाई. फादर आजारपणामुळे वसईला गेले त्याला आता दहा वर्षं होत आली, तरी आवडाबाई ती रोज पुसत आणि पुसताना तिच्यावर हात टेकत नसत. नेत्राने मात्र बॅग खाली ठेवली, लॅपटॉप उघडला, चपला काढून खुर्चीतच मांडी घातली.

"साखर वेगळी देते," आवडाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दिघीपासून तीन-चार मैलांवर, खाडीच्या काठाला चाळीस-पन्नास ख्रिस्ती घरांची ती वाडी होती. निम्म्या घरांना आता कुलपं होती. वाडीच्या टोकाला प्रार्थनेची, चिऱ्याची पांढरी इमारत, तिच्या मागे फादरचं दोन खोल्यांचं घर, आणि घराला लागून सुपारीची बाग. त्या बागेच्या राखणदाराची मुलगी नेत्रा. दहा वर्षांची असल्यापासून ती संध्याकाळी फादरकडे इंग्रजी शिकायला यायची. आवडाबाईंचा मुलगा रितेशही तेव्हा तेवढाच होता. फादर त्यालाही बोलवायचे, पण तो मागच्या दाराने खाडीवर पळायचा. नेत्रा बसून राहायची. पुढे ती इंग्रजी घेऊन एम. ए. झाली आणि आता श्रीवर्धनच्या कॉलेजात शिकवत होती. फादरांनी वसईला जाताना आपली जाडी डिक्शनरी तिला दिली होती. आवडाबाईंना स्टीलचा डबा दिला होता, सात पुडांचा. डबा चांगला होता. तरी त्या दिवशी डिक्शनरी छातीशी धरून जाणारी नेत्रा त्यांच्या डोळ्यांसमोरून कधी हलली नव्हती.

मागच्या वर्षी, नाताळच्या आधी दोन आठवडे, फादर इनास वसईला वारले. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला त्या पांढऱ्या इमारतीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवायची, असं वाडीने ठरवलं होतं. पाटीचा मजकूर आणि सोबत एक छोटी पुस्तिका लिहायचं काम फादर मेल्विन यांनी नेत्राला दिलं होतं. फादर मेल्विन तरुण होते. ते खाडीपलीकडे राहायचे, फेरीबोटीत मोटरसायकल घालून बुधवारी आणि रविवारी यायचे, मिस्सेची प्रार्थना करायचे आणि पुढच्या फेरीने परत जायचे.

आवडाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा नेत्राने वही उघडली होती.

"मावशी, पुस्तिकेसाठी मला तुमचं थोडं हवंय. फादरना जेवायला काय आवडायचं?"

"जे केलं ते खायाचे."

"तरी पण. काही खास?"

"कोलंबीचं सुकं. तांदळाची भाकरी."

नेत्राने लिहून घेतलं. आवडाबाई ट्रे धरून उभ्या राहिल्या. चोवीस वर्षं त्यांनी या घरात फादरांचं काम केलं होतं. नवरा गेला तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या, कुणब्याची बाई ख्रिस्ती पाद्र्याच्या घरी रांधते म्हणून सासरच्यांनी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. आता पुढचा प्रश्न येईल, असं त्यांना वाटलं. नेत्राने वही मिटली.

"थँक्यू मावशी. मस्त झालाय चहा."

*

स्वयंपाकघराची खिडकी त्या खोलीतच उघडत होती. थोड्या वेळाने फादर मेल्विन आले तेव्हा दोघांचं बोलणं आवडाबाईंना पावटे सोलता सोलता ऐकू येत होतं.

नेत्राने मजकूर इंग्रजीतून वाचला, मग मराठीत सांगितला. "म्हणजे असं, फादर. रेव्हरंड फादर इनास तुस्कानो, या चॅपलचे चॅप्लेन, एकोणीसशे एक्क्याण्णव ते दोन हजार पंधरा. खाली बायबलमधलं वचन."

"चॅप्लेनच होते ना ते?" मेल्विन यांनी विचारलं. "मला यायला दीडच वर्ष झालंय. जुनं काही माहीत नाही."

"हे बघा ना, लेटरहेड. कपाटात गठ्ठा आहे अख्खा. चॅप्लेनच छापलंय."

"मग झालं तर. आत्ताही हे चॅपलच आहे आमच्या पॅरिशचं."

आवडाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

ते लेटरहेड त्यांनीच कपाटात रचून ठेवलं होतं. फादर आले त्या वर्षी ते छापलं, चुकून हजारांच्या जागी पाच हजार आले, आणि फादर कागद टाकून देणाऱ्यांतले नव्हते. पुढे दर्जा बदलला तेव्हा त्यांनी श्रीवर्धनहून नव्या पदाचा रबरी शिक्का करून आणला आणि पत्र लिहिलं की छापलेल्या शब्दावर तो शिक्का मारायचे. पत्रं शिक्का घेऊन निघून गेली होती. उरले होते ते कोरे कागद.

वाडीतली माणसं त्या इमारतीला देऊळ म्हणत आणि आतल्या माणसाला फादर. त्यापुढे कुणाला काही पडलेलं नव्हतं. आवडाबाईंना मात्र जाणून घ्यावं लागलं होतं, कारण दारावर आधी त्या जात. कोण आलंय हे फादरना नीट सांगावं लागे आणि त्याप्रमाणे जेवण करावं लागे. म्हणून फादरांनी त्यांना एकेक शब्द सांगितला होता, त्या तांदूळ निवडत असताना, समोरच्या पाटावर बसून. डीकन म्हणजे अजून पुरता फादर न झालेला. तो लग्न लावू शकतो, मिस्सा करू शकत नाही, आणि जेवतो सगळ्यांत जास्त. व्हिकार म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम बघणारा. बिशपचे व्हिकार जनरल यायचे त्यांना मधुमेह होता. एकदा रोह्याहून एक पास्टर आला होता, बायकोला घेऊन. आवडाबाई आत येऊन कुजबुजल्या होत्या, "फादर, ह्यांना बायको हाय." फादर खूप हसले होते. "त्यांच्यात चालतं, आवडाबाई. ते पास्टर, मी प्रीस्ट. भात दोघांना सारखाच लागतो."

आणि इमारतीचंही तसंच. लहान ते चॅपल, मोठं ते चर्च, त्याहून मोठं ते कॅथेड्रल, असं त्यांनाही आधी वाटायचं. फादर म्हणाले होते, "आकाराचं काही नाही त्यात. बिशपची खुर्ची जिथं, ते कॅथेड्रल. उद्या बिशपनं तुमच्या गोठ्यात खुर्ची मांडली तर गोठा कॅथेड्रल. आणि ज्याचं बाप्तिस्म्याचं कुंड स्वतःचं, नोंदींच्या वह्या स्वतःच्या, माणसं पुरायची सिमेतरी स्वतःची, ते पॅरिश चर्च. आपल्याकडे यातलं काहीच नाही. म्हणून आपण चॅपल."

काहीच नाही याचा अर्थ आवडाबाईंनी डोळ्यांनी पाहिला होता. पोर झालं की बाप्तिस्म्याला होडीने पलीकडे न्यायचं. माणूस मेलं की तेही होडीने. एका श्रावणात खाडीला एवढं पाणी होतं की एका म्हातारीचं प्रेत दोन दिवस पडवीत ठेवावं लागलं. फादर दोन्ही दिवस तिथंच बसून होते. तिसऱ्या दिवशी घरी येऊन त्यांनी पहिला अर्ज लिहिला. त्यानंतर नऊ वर्षं ते अर्ज लिहीत होते. बिशप बदलले, अर्ज तोच राहिला. दोन हजार चारच्या जून महिन्यात मंजुरी आली तेव्हा फादर आधी स्वयंपाकघरात आले होते. वाडीला नंतर कळलं. "आवडाबाई," ते म्हणाले होते, "आजपासून आपलं चर्च झालं. मी पॅरिश प्रीस्ट झालो." आणि मग भाताच्या पातेल्यावरचं झाकण उगाच उचलून पुन्हा ठेवलं होतं.

अकरा वर्षं ते चर्च होतं. फादर वसईला गेल्यावर वर्षभरात वाडी ओस पडायला लागली, आणि वरून कागद आला की हे आता पुन्हा पलीकडच्या पॅरिशला जोडलं आहे. वह्या एका पेटीत घालून नेल्या. चर्च परत चॅपल झालं. बोर्ड बदलला नाही, कारण बोर्ड लावायचा राहूनच गेला होता.

हे सगळं सांगायला आवडाबाई पावट्यांचं ताट बाजूला ठेवून उठल्या. पदराला हात पुसून त्या खोलीच्या दारापर्यंत गेल्याही.

आत नेत्रा बोलत होती. "फादर मला सगळं सांगायचे. तासन्‌तास. म्हणजे विचार करा ना, एवढा शिकलेला माणूस या कोपऱ्यात. त्यांना बोलायला इथं दुसरं होतं कोण?"

आवडाबाई दारातून मागे फिरल्या. पुन्हा खाली बसल्या आणि सगळे पावटे सोलून होईपर्यंत उठल्या नाहीत.

*

पाटी आली ती गोणपाटात गुंडाळून. आठ दिवस ती व्हरांड्यात भिंतीला टेकून होती. आवडाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षरं येत होती. पाकिटांवरची नावं लावता यावीत म्हणून फादरांनीच शिकवली होती. पहिल्याच दुपारी त्यांनी गोणपाट वर केला आणि तो शब्द बोटाने शोधून काढला. सी, एच, ए, पी. काळ्या रंगात, खोल कोरलेला.

नेत्रा आली तेव्हा तिने कौतुकाने पाटी उघडून दाखवली. "कशी वाटते, मावशी? काही चुकलंय का बघा हं."

ती हसत म्हणाली होती. चुकलं असेल असं तिला वाटत नव्हतं, आणि असलं तर ते मावशींना दिसेल असंही वाटत नव्हतं. ते दुसरं आवडाबाईंना स्पष्ट कळलं.

"मला काय कळतंय इंग्रजी," त्या म्हणाल्या.

असं म्हणताना त्यांना बरं वाटलं. पुढचे दिवस त्या मनात तो कार्यक्रम घडवत राहिल्या. मुंबईची माणसं येतील. म्हातारी माणसं येतील, ज्यांची आईबापं इथल्या सिमेतरीत आहेत. कुणीतरी पुढं होऊन विचारेल, बाई, हे काय लिहिलंत? फादर आमचे पॅरिश प्रीस्ट होते. आणि माईक हातात घेतलेल्या नेत्राचं तोंड सगळ्यांदेखत उतरेल. भांडी घासताना, अंगण झाडताना आवडाबाई ते तोंड पुन्हा पुन्हा पाहत. आपण वाईट करतोय असं एकदा-दोनदा वाटून गेलं. पण आपण काही केलंच नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं आणि आपण बोललो नव्हतो, एवढंच.

*

स्मृतिदिनाच्या सकाळी बाहेरगावच्या गाड्या सुपारीच्या बागेपर्यंत लागल्या. मिस्सा झाली. पाटीवरचा पडदा फादर मेल्विन यांनी बाजूला केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मोबाइल वर झाले. आवडाबाई मागच्या खांबापाशी उभ्या होत्या. त्या एकेका तोंडाकडे पाहत होत्या.

कुणी काही बोललं नाही. ज्या म्हातारीचं प्रेत दोन दिवस पडवीत होतं, तिचा मुलगा पुढे गेला, पाटीला हात लावून त्याने तो कपाळाला लावला. "मस्त झालंय," तो म्हणाला. त्याने वाचलं नव्हतं. कुणीच वाचलं नव्हतं. नेत्राच्या भोवती माणसं जमली, कुणी तिच्यासोबत फोटो काढले.

गर्दी जेवणाकडे वळली तेव्हा पाटीसमोर एकच बाई राहिली. फादरची धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची, वसईहून नातवाच्या गाडीतून आलेली. काठीवर भार देऊन ती एकेका शब्दाखालून बोट फिरवत होती. ते बोट एका जागी थांबलं. तिने मागे पाहिलं आणि आवडाबाईंना हाताने बोलावलं.

"तू आवडाबाई ना? माझा भाऊ बोलायचा तुझ्याबद्दल."

"व्हय."

"मग तुला माहीत असेल. मला त्यानं पत्र लिहिलं होतं, आमचं चर्च झालं म्हणून. दोन पानांचं. आम्ही घरी तेव्हा पेढे वाटले." तिने पुन्हा पाटीकडे पाहिलं. "मग हे त्याच्याकडून परत कधी घेतलं?"

आवडाबाईंनी पाटीवरच्या त्या शब्दाकडे पाहिलं.

"त्याच्या हातून काही चुकलं होतं का?" म्हातारीने आवाज खाली आणला. "खरं सांग. आता मी काय कुणाला सांगणार आहे? शेवटी तो गप्प गप्प असायचा. आम्हाला वाटायचं, आजारपणामुळं. पण एवढं काढून घेतलं म्हणजे काही तरी झालं असणार. त्यानं लपवलं का आमच्यापासून?"

आवडाबाईंनी या दिवसाची एवढी चित्रं रंगवली होती, त्यात ही म्हातारी कुठेच नव्हती.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यांचं काय चुकलं न्हाय. ते अखेरपर्यंत पॅरिश प्रीस्टच होते. ते हितून गेल्यावर मागून मोडलं हे. पाटी चुकलीय."

"चुकली? मग कुणी सांगितलं नाही?"

"मला ठावं व्हतं. मी बोलले न्हाय."

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की शेजारी नेत्रा उभी आहे. ती म्हातारीसाठी ताट घेऊन आली होती. ताटातली सॉरपोतेलच्या रश्शाची वाटी एका बाजूला कलली होती, ती तिने सरळ केली.

"मावशी, मी तुम्हाला दाखवली होती पाटी."

"व्हय."

"तुम्हाला वाचता येतं?"

"तेवढं येतं."

"मग का नाही बोललात?"

आवडाबाई म्हातारीकडे पाहून बोलल्या. नेत्राकडे पाहणं त्यांना जमलं नाही. "तू मेल्विन फादरना बोललीस, त्यांना बोलायला हितं दुसरं कोन व्हतं. मी आत पावटे सोलत व्हते."

नेत्राने ताट बाकावर ठेवलं. तिने म्हातारीचा हात धरला आणि तिला बाकावर बसवलं. म्हातारी ताटाकडे न पाहता म्हणाली, "कुठं लिहिलेलं असेल ना ते? त्याच्या सहीचं? मला बघायला मिळालं असतं, तर बरं झालं असतं."

*

पुढच्या शनिवारी आवडाबाई आणि नेत्रा दिघीहून फेरीने आगरदांड्याला निघाल्या. फादर मेल्विन यांनी पलीकडच्या पॅरिशच्या ऑफिसात फोन करून ठेवला होता. पाटीबद्दल ते म्हणाले होते, लेखी अर्ज द्या, वर पाठवतो, काय होतं बघू. पाटी आशीर्वाद देऊन बसवलेली होती, ती लगेच निघणार नव्हती.

फेरीवर मोटारींच्या मधल्या जागेत दोघी उभ्या होत्या.

"तुम्हाला विचारायला हवं होतं मी," नेत्रा म्हणाली. "जेवणाचं सोडून दुसरं."

"व्हय," आवडाबाई म्हणाल्या. त्यांना ते नाकारता आलं असतं. पण खोटं एकदा बोलून झालं होतं. मग त्या म्हणाल्या, "तुझा मला राग यायाचा. आत्ताचा न्हाय. तू एवढीशी व्हतीस तवापासून."

"माझा? का?"

"तू बसायचीस. माझा पळून जायचा."

नेत्राने पाण्याकडे पाहिलं. तिने समजूत घातली नाही, हे आवडाबाईंना बरं वाटलं.

ऑफिसातल्या बाईंनी कपाटाच्या खालच्या खणातून वाडीची बाप्तिस्म्यांची वही काढून दिली. निळ्या कापडी पुठ्ठ्याची, कोपरे वाळवीने खाल्लेली. नेत्राने पहिलं पान उघडलं. अनुक्रमांक एक, सत्तावीस जून दोन हजार चार, मुलीचा बाप्तिस्मा. शेवटच्या रकान्यात उजवीकडे झुकलेली सही आणि सहीखाली फादरांनी पूर्ण लिहिलेले दोन शब्द. नेत्राने ते वाचून दाखवले, पॅरिश प्रीस्ट. आवडाबाईंनी आधीच लावले होते. पुढची पानं दोघींनी शेवटपर्यंत उलटली. प्रत्येक सहीखाली तेच दोन शब्द होते. शिक्का हाताशी असताना वहीत मात्र फादरांनी ते दर वेळी हाताने लिहिले होते.

नेत्राने मोबाइलवर फोटो काढले आणि तिथूनच वसईला पाठवले. मग ती अर्ज लिहायला बसली. निम्मा झाल्यावर तिने मान वर केली.

"साक्षीदार म्हणून तुमचं नाव घालतेय. पण तुम्ही चर्चच्या कोण, ते लिहावं लागेल. इंग्रजीत त्याला शब्द आहेत. वेदीची, कपड्यांची, भांड्यांची व्यवस्था ठेवणारा तो सॅक्रिस्टन. इमारत आणि सिमेतरी सांभाळणारा तो सेक्स्टन. तुम्ही दोन्ही केलंय. सॅक्रिस्टन लिहू? मानाचा शब्द आहे."

आवडाबाईंनी दोन्ही शब्द मनात एकदा म्हणून पाहिले. फादरांनी हे त्यांना सांगितले नव्हते.

"वेदीला मी कधी हात लावला न्हाय," त्या म्हणाल्या. "ते डिसिल्वांचा म्हातारा करायचा. मी फादरांच्या घरात जेवण करायची. त्याला काय बोलतात?"

"हाऊसकीपर. किंवा साधं कुक."

"मग ते लिही. पुन्हा काय चुकायला नको."

नेत्राने लिहिलं. आवडाबाई तिच्या खांद्यावरून पाहत होत्या. काळ्या पेनने एकेक ओळ उतरत होती, अक्षरं उजवीकडे झुकलेली, ओळीच्या शेवटी थोडी वर चढणारी. शेजारी उघड्या वहीत तसंच अक्षर होतं. नेत्राला ते माहीतही नसावं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, कौलांवर वाळत घातलेली जाळी पाहिली आणि मग परत कागदाकडे वळल्या.

"इथं सही, मावशी," नेत्राने पेन पुढे केलं. "फेरी सुटेल, पण घाई नको. पुढची मिळेल."

आवडाबाईंनी पदराने तळहात पुसला. नेत्राच्या ओळींखाली, थोडं अंतर सोडून, त्यांनी मराठीत एकेक अक्षर काढलं. पाच अक्षरांना बराच वेळ लागला. ऑफिसातल्या बाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. धक्क्यावरून फेरीचा भोंगा ऐकू आला. आवडाबाईंनी पेन उचललं, अक्षरं पुन्हा एकदा तपासली आणि मग त्यांच्या माथ्यावर सावकाश शिरोरेघ ओढली.